भाऊचे समन्स

भाऊने खिशातून चार घड्या घातलेला समन्सचा कागद काढून कट्ट्यावर पसरला, तेव्हा ती शाळा, तिच्याजवळचा ताशी ४०चा फलक आणि भाऊच्या गाडीचा वेगमापक यंत्रावर उमटलेला ८८चा आकडा हे सगळे आम्हांला तोंडपाठ झालेले होते. प्रश्न एवढाच उरला होता की तारखेला त्याने एकट्याने उभे राहावे की वकील द्यावा.

बापूंना हा प्रश्न पडलाच नाही. "आपला एक माणूस आहे तिथे. कागद माझ्याकडे दे आणि विसरून जा," असे म्हणत त्यांनी हात पुढे केला.

"माझे चलनही तुम्ही असेच विसरायला लावले होते," मास्तर म्हणाले. मास्तरांनी स्कूटर विकायला काढली आणि थकलेल्या चलनापायी तिचे हस्तांतरण अडकले, ही गोष्ट चार वर्षांची जुनी असली तरी मास्तरांच्या मनात ती आजही ताजी आहे. तो माणूस तेव्हा रजेवर होता, असा खुलासा बापूंनी केला, आणि चार वर्षे रजा देणारी ती नोकरी कोणती, हे विचारून सगळ्यांनी त्यांना पुरते हैराण केले.

मास्तरांचे स्वतःचे मत मात्र तितकेच ठाम होते. चूक झाली आहे, ती कबूल करावी, दंड भरावा आणि घरी यावे. वकिलाची फी दंडापेक्षा जास्त होईल आणि वर खोटे बोलण्याची सवय लागेल ती वेगळीच. या मताचा मला आदर वाटतो, पण ते अपुरे आहे असे मला त्या संध्याकाळी प्रकर्षाने जाणवले, आणि त्याचे कारण नाना.

नाना न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले. त्यांनी चष्मा लावला, कागद दिव्याच्या उजेडाकडे धरला आणि एका ओळीवर नख टेकवून ते थांबले. "मास्तर, तुम्ही रक्कम वाचता आहात. मी कलम वाचतो आहे."

त्या ओळीत मोटार वाहन कायद्याचे कलम १८४ आणि भारतीय न्याय संहितेचे बेदरकार वाहन चालवण्याबद्दलचे कलम २८१ होते. नुसती वेगमर्यादा ओलांडली असती तर कलम १८३ लागले असते, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटारीला पहिल्या वेळी १,००० ते २,००० रुपये दंड भरून, तडजोडीत मिटवून, भाऊ मोकळा झाला असता. त्यासाठी वकील शोधत फिरण्याचे काही कारण नव्हते. कलम १८४ धोकादायक रीतीने वाहन चालवण्याचे आहे. त्यात सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते, आणि गाडी चालवताना हातात मोबाइल धरल्याचा प्रकार वगळता ते तडजोडीने मिटत नाही. तीन वर्षांच्या आत तोच गुन्हा पुन्हा घडला तर कैदेची मर्यादा दोन वर्षांवर जाते.

"म्हणजे उद्या तू 'गुन्हा कबूल' म्हणालास की ती दोषसिद्धी झाली," नाना म्हणाले. "पावती फाडून टाकता येते, दोषसिद्धी येत नाही. आणि परवान्याचे प्रकरण परिवहन कार्यालयात वेगळे चालू शकते, ते निराळेच."

भाऊ भाड्याची मोटार चालवतो. परवाना निलंबित झाला तर घरातली चूल कशावर पेटणार, हे कोणी बोलून दाखवले नाही, पण तो कागदाची घडी पुन्हा पुन्हा घालू लागला. मग चिडून म्हणाला, "पण नाना, रस्ता पूर्ण मोकळा होता हो!"

"मूल आडवे येईपर्यंत प्रत्येक रस्ता मोकळाच असतो," नाना शांतपणे म्हणाले.

मास्तर गणिताचे. ८८ म्हणजे सेकंदाला सुमारे २४ मीटर, पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरला तर तेवढे अंतर गाडी ब्रेकाविना कापते, आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबायला चौपट अंतर लागते, असे त्यांनी बोटाने कट्ट्यावर आकडे काढत सांगितले. भाऊ गप्प झाला. मला वाटते, त्या क्षणी त्याला कायद्यापेक्षा ती शाळा जास्त दिसत होती, आणि तसे होणे आवश्यकच होते.

"मग वकील कशाला? चूक तर आहेच," मास्तरांनी पुन्हा धरले.

"चूक आहे म्हणूनच," नाना म्हणाले. "कुठली चूक, किती, आणि ती कशाने सिद्ध होते, हे ठरायला नको का? वेगाच्या कलमात कायदाच म्हणतो की एकाच साक्षीदाराला वाटले म्हणून शिक्षा करता येत नाही, त्याच्या अंदाजाला यंत्राचा आधार हवा. इलेक्ट्रॉनिक यंत्राला मान्यतेचे प्रमाणपत्र लागते आणि दरवर्षी त्याचे नूतनीकरण व्हावे लागते. ते कागद मागायचे कसे, आणि शाळा त्या वेळी भरलेली होती की सुटी होती याचा कलम १८४वर काय परिणाम होतो, हे याला एकट्याला बोलता येणार आहे का? भल्याभल्यांची जीभ मी तिथे टाळ्याला चिकटलेली पाहिली आहे. खोटे एक अक्षर बोलू नकोस, भाऊ. पण कबुली देण्याआधी वकिलाला एकदा कागद दाखव. फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी कर. उत्पन्न मर्यादेत बसले तर सरकारी खर्चाने वकील मिळतो, १९८७चा कायदा आहे."

यावर मास्तरांनी मान डोलावली. बापू मात्र आपला माणूस वकिलाच्याही ओळखीचा असल्याचे सांगत राहिले.

उद्याच जायचे ठरले. नानांनी जुन्या डायरीतून एका फौजदारी वकिलाचा पत्ता काढून दिला, आणि मन हलके झालेला भाऊ उत्साहाने उठून म्हणाला, "नाना, तुम्हीही चला. मी गाडी काढतो, दहा मिनिटांत पोहोचू."

"अंतर किती आहे?" मास्तरांनी विचारले.

"बारा किलोमीटर असेल."

मास्तरांना या वेळी आकडे काढावे लागले नाहीत. "ताशी ७२," असे ते म्हणाले, आणि हसणे ओसरल्यावर नानांनी भाऊला एसटीची वेळ सांगितली.