शेअर फोल्डर अडलं म्हणून लगेच फॉरमॅट मारू नका रे बाप्पा

आमच्या दारव्ह्याकडे शेअर केलेलं फोल्डर, म्हणजे एका पीसीतलं पण नेटवर्कवरून बाकीच्यांनाही उघडता येणारं, उघडलं नाही की रिपेअरिंगवाला दोनच गोष्टी सांगते, विंडोज करप्ट झाली फॉरमॅट मारा, नाहीतर राऊटर बदला. मोठ्या बाबांच्या घरी हेच चालू होतं अन् त्या पीसीत अख्ख्या खानदानाचे सातबारे, फेरफार, पोट्ट्यांच्या टीसी, लग्नाचे फोटो, सारं काही. मले राग याचा येते की स्क्रीनवर काय लिहून आलं ते कोणी वाचतच नाही. तिथं साफ होतं की हा कॉम्प्युटर जेवढे कनेक्शन घेऊ शकते तेवढे आधीच जोडलेले आहेत. यात बिघाड कुठं आला?

घरगुती विंडोज म्हणजे सर्व्हर नाही. विंडोज एक्सपी होमवर एका वेळी 5 कनेक्शन, एक्सपी प्रोवर 10, विंडोज सेव्हनपासून पुढं 20. ही मर्यादा लायसनमधेच आहे, फॉरमॅट मारून तीच विंडोज परत टाकली तर आकडा तोच राहणार ना भाऊ!

पहिले ज्या पीसीत फोल्डर आहे त्यावरच्या कॉम्प्युटर आयकॉनवर राइट क्लिक करून मॅनेज उघडा, शेअर्ड फोल्डर्समधे सेशन्स पाहा. कोण जोडलेलं आहे अन् किती वेळापासून नुसतं बसून आहे ते सारं दिसते. मोठ्या बाबांकडे टीव्ही, ओसरीतला लॅपटॉप, लग्नाला आलेल्या पोरांचे मोबाईल, फोटो पाहून झाले तरी चिकटूनच. राइट क्लिक करून क्लोज सेशन केलं की जागा होते, फक्त त्याआधी ओपन फाइल्समधे पाहून घ्या, कोणाची एक्सेल उघडी असली तर सेव्ह करू द्या.

पण त्यांच्या पीसीवर सेव्हन, म्हणजे 20 चालाले पाहिजे, अन् सहावा आला की अडे. काहून? तर फोल्डरच्या ॲडव्हान्स्ड शेअरिंगमधे एका वेळच्या युजरच्या रकान्यात कोणीतरी 5 टाकून ठेवले होते. तिथं 20 केले, झालं काम. यासाठी म्हाताऱ्या माणसाले नव्या राऊटरचा खर्च सांगत होते!

क्लास किंवा सेवा केंद्र असेल अन् 20 खरंच पुरत नसतील तर एका जुन्या पीसीवर विंडोजऐवजी लिनक्स अन् त्यावर फोल्डर शेअर करायचं सॉफ्टवेअर सांबा टाका, फुकट आहे, अशी मर्यादा नाही. मर्यादा तोडणारे पॅच नेटवरून घेऊ नका, त्यात काय लपून येईल सांगता येत नाही.

कोणाकडे असंच अडत असेल तर त्या सेशन्सच्या लिस्टचा फोटो काढून मले पाठवा, पाहून सांगतो. तोवर पीसी कोणाच्या हाती देऊ नका.