मॅक्रो म्हणजे वेगवान फंक्शन नव्हे

कॅम्पस मुलाखतींच्या तयारीसाठी फिरणाऱ्या सी भाषेच्या नोट्समध्ये मॅक्रोबद्दल (म्हणजे कोडात जिथे येईल तिथे ठरलेला मजकूर बसवणारं नाव) हे हमखास असतं: ‘मॅक्रो हे फंक्शनच, फक्त जास्त वेगवान. कंस नीट घातले की धोका नाही. लिनक्स कर्नलसुद्धा (त्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) मॅक्रोंवरच चालतं.’ मुलं हे पाठ करतात आणि नोकरीत तसाच कोड लिहितात, म्हणून हे खोडून काढायलाच हवं.

‘फंक्शनच’ नाही. मॅक्रो उलगडणाऱ्या प्रीप्रोसेसरला डेटाचे प्रकार, स्कोप (नाव कुठपर्यंत लागू), व्हेरिएबल यातलं काही कळत नाही. तो टोकन, म्हणजे कोडातले सुटे शब्द आणि चिन्हं, उचलतो आणि दुसरी टोकन ठेवतो, तेही कंपायलर कोड समजून घेण्याआधी. वर्ग(क) ची व्याख्या ‘क * क’ अशी केलीत, की वर्ग(३ + १) चं होतं ३ + १ * ३ + १. उत्तर १६ नाही, ७.

‘मग कंस घाला.’ घालू या. मोठा(अ, ब) म्हणजे ((अ) > (ब) ? (अ) : (ब)). आता वाच() हे फाइलमधून पुढचा आकडा आणणारं फंक्शन आहे आणि तुम्ही लिहिलंत मोठा(वाच(), ०). फाइलमध्ये आधी ८, मग -५ आहे. तुलना ८ ची होते, ती खरी ठरते, म्हणून वाच() पुन्हा चालतं आणि हाती येतो -५. शून्याहून लहान आकडा येऊच नये म्हणून लिहिलेल्या ओळीतून! कंस सगळे जागच्या जागी आहेत, कंपायलरही बहुधा काही बोलणार नाही. अशी चूक शोधायला लागली की दिवस जातो.

वेगाचं म्हणाल तर सी९९ या मानकापासून, म्हणजे १९९९ पासून, भाषेतच इनलाइन (फंक्शन बोलावण्याऐवजी त्याचा कोड तिथेच बसवायला सुचवणं) आहे. ऑप्टिमायझेशन चालू असेल तर छोटी स्टॅटिक (त्याच फाइलपुरती) फंक्शन्स आजचे कंपायलर न सांगताही इनलाइन करतात.

राहिलं लिनक्स. तिथे मॅक्रो भरपूर आहेत हे खरं, पण स्टॅटिक इनलाइन फंक्शन्सही ढिगाने आहेत. मिन आणि मॅक्स (दोन आकड्यांतला लहान आणि मोठा देणारे) मॅक्रोच ठेवलेत, कारण ते कुठल्याही पूर्णांक प्रकारावर चालावे लागतात. दोनदा मोजणी टाळायला आणि प्रकार तपासायला त्यात इतकं काही भरलं गेलं, की २०२४ मध्ये कर्नलमधल्या झेन (एका यंत्रावर अनेक ऑपरेटिंग सिस्टिम चालवणारी प्रणाली) सेटअपच्या फाइलमधली एकमेकांत गुंफलेल्या मिनची एकच ओळ प्रीप्रोसेसरमधून ४७ एमबी होऊन बाहेर पडत असल्याचं आढळलं. कर्नलच्या लोकांनी मग हे मॅक्रो सुटसुटीत करायला घेतले. दाखला द्यायचाच तर हाही द्या.

मॅक्रो टाकाऊ नाहीत. हेडर (इतर फाइलींत जोडली जाणारी घोषणांची फाइल) दोनदा येऊ न देणं, प्लॅटफॉर्मनुसार कोड निवडणं ही कामं प्रीप्रोसेसरचीच. अट खरी आहे ना हे तपासणारा असर्टही मॅक्रो आहे, म्हणूनच तो अट फसलेल्या जागेची फाइल आणि ओळ छापू शकतो; सी मधलं साधं फंक्शन स्वतःचीच ओळ सांगेल. मात्र एनडीबग (असर्ट बंद करणारं नाव) लावून बिल्ड केलं की असर्टच्या कंसातली अट तपासलीच जात नाही, त्यामुळे तिथे फाइल उघडण्यासारखं गरजेचं काम ठेवू नका.