काठीने पेडल दाबून ठेवल्याने ब्रेकमधली हवा निघत नाही

ब्रेक मऊ लागतोय, पेडल स्पंज मारतंय, अशी तक्रार कुणी केली की एक सल्ला हमखास पुढे येतो. व्हॉट्सॲपवर आणि रील्समध्ये तो थोड्याफार फरकाने असा फिरतो: गॅरेजला पैसे घालवू नका. सीट आणि ब्रेक पेडल यांच्यामध्ये काठी अडकवून पेडल रात्रभर दाबलेलं ठेवा, ब्रेकच्या पाइपांत शिरलेली हवा आपोआप ब्रेक ऑइलच्या टाकीतून निघून जाते. तरी राहिली तर पेडल पटापट पंप करून निपल (चाकाजवळचा, ऑइल आणि हवा बाहेर सोडायचा स्क्रू) सोडा. मागच्या उजव्या चाकापासून सुरुवात करा आणि बुडबुडे थांबेपर्यंत चालू ठेवा. पंप केल्यावर पेडल वर येत असेल, तर अजून हवा आहे असं समजा.

आधी काठी. टाकीतलं ऑइल मास्टर सिलिंडरमध्ये (पेडल दाबल्यावर ऑइलवर दाब देणारा पंप) उतरतं ते एका बारीक छिद्रातून. पेडल जरासं दाबलं की पिस्टनचं रबरी सील त्या छिद्राच्या पुढे सरकतं आणि टाकीकडचा रस्ता बंद होतो. तो बंद झाला नाही तर दाबच तयार होणार नाही. काही गाड्यांत छिद्राऐवजी पिस्टनमध्येच व्हॉल्व्ह असतो, पण काम तेच. म्हणजे काठी जितका वेळ लावलेली, तितका वेळ हवेला टाकीत जायची वाटच नाही.

मग सकाळी पेडल घट्ट कसं लागतं? लागतं खरं. दाबाखाली बुडबुडे आकसतात, थोडी हवा ऑइलमध्ये विरघळते. काठी काढल्यावर मास्टर सिलिंडरजवळ सरकून आलेला एखादा बुडबुडा टाकीत जातोही. बाकीची हवा दाब गेल्यावर पुन्हा आपल्या जागी. शिवाय इंजिन बंद असताना दोन-चार वेळा ब्रेक दाबला की पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम संपतो, आणि मग कुठल्याही गाडीचं पेडल टणक लागतं. इंजिन चालू करून पाहिल्याशिवाय त्या टणकपणाला काही अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट त्या रीलमध्ये कुणी सांगत नाही. पेडल दाबलेलं म्हणजे ब्रेक लाइट चालू, आणि बहुतेक गाड्यांत चावी काढली तरी ते चालूच राहतात. २१ वॅटचे दोन बल्ब धरले तर साडेतीन ॲम्पिअर. दहा तासांत ३५ ॲम्पिअर-अवर, म्हणजे छोट्या पेट्रोल गाडीची अख्खी बॅटरी. हवा राहिली ती राहिलीच, वर सकाळी गाडीला धक्का मारायला शेजाऱ्यांना बोलवा.

दुचाकीवर लिव्हर रबराने बांधून ठेवायची हीच युक्ती थोडी बरी चालते, कारण तिथे टाकी सगळ्यात वर असते आणि एकच होज (रबरी नळी) बहुधा वर चढत जातो. कारच्या लाइनला चढ-उतार आणि वळणं, त्यातली हवा अशी वर येत नाही.

पटापट पंप करण्याने ऑइल घुसळलं जातं आणि एका मोठ्या बुडबुड्याचे शंभर बारीक होतात, जे काढणं जास्त कठीण. जुन्या गाडीत तर पेडल पार तळाला नेलं की सील सिलिंडरच्या अशा भागावर घासतं, जिथे ते एरवी कधी जात नाही. तिथे गंज असेल तर सील फाटतं. म्हणून पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा. एकाने हळू दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल सोडून लगेच बंद करायचं, आणि बंद झाल्यावरच पाय उचलायचा. हा क्रम उलटा झाला की निपलमधून हवा आत ओढली जाते.

मागचं उजवं चाक हा सल्ला डावीकडे स्टिअरिंग असलेल्या देशांतून आलाय. तिथे मास्टर सिलिंडर डावीकडे, म्हणून सर्वात लांबचं चाक मागचं उजवं. आपल्याकडे बहुतेक गाड्यांत मागचं डावं. त्यातही पुढच्या चाकांवर चालणाऱ्या अनेक गाड्यांत ब्रेकचे दोन सर्किट (ऑइलचे दोन वेगळे मार्ग) तिरपे असतात, मागचं डावं आणि पुढचं उजवं एकत्र. अशा गाडीत एक सर्किट पूर्ण करून दुसऱ्याकडे जायची पद्धत असते. आपल्या मॉडेलचा सर्व्हिस मॅन्युअलमधला क्रम पाळा.

बुडबुड्यांबद्दल: निपलला ऑइल ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप लावला असेल तर ते थांबणारच नाहीत, कारण निपल सैल केला की आट्यांमधून बाहेरची हवा निपलला लावलेल्या नळीत खेचली जाते. लोक त्या नादात बाटल्याच्या बाटल्या ओततात. पंप काढा, दुसरा माणूस पेडलवर बसवा, मग नळीत पाहा.

सगळ्यात जास्त फसवतं ते त्या सल्ल्यातलं शेवटचं वाक्य. दोनदा पंप करून पेडल वर येतं, तेव्हा हवा असू शकते, पण मागे ड्रम ब्रेक असलेल्या गाडीत लायनर (ड्रमला घासून गाडी थांबवणारा पट्टा) आणि ड्रममधलं अंतर वाढलेलं असण्याची शक्यताही तितकीच. हे अंतर आपोआप कमी ठेवणारा ऑटो ॲडजस्टर जाम झाला की असं होतं, आणि कितीही ऑइल काढलं तरी फरक पडत नाही. पेडल दाबून धरल्यावर सावकाश खाली जात असेल तर गळती शोधा. गळती नसेल तर मास्टर सिलिंडरचं आतलं सील गेलंय. हवेचं पेडल लवचीक लागतं, दाबताना मागे उसळी मारतं.

हवाच असेल तर ती कुठे आहे ते आधी शोधावं. चारही रबरी होज गोल जबड्याच्या क्लॅम्पने दाबा (पक्कड नको, होज आतून फाटतो). पेडल घट्ट झालं तर एकेक क्लॅम्प काढत जा. ज्या चाकाला पेडल खाली बसेल, तिथे हवा. तिथला कॅलिपर (डिस्क पकडणारा ब्रेकचा भाग) नुकताच बदलला असेल तर निपल वर आहे का पाहा. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला की निपल खाली येतो आणि हवा त्याच्या वरच अडकून बसते. ही चूक पाहिल्याशिवाय पटत नाही, इतकी साधी आहे.

चारही होज बंद असून पेडल मऊच असेल, तर हवा मास्टर सिलिंडरमध्ये, एबीएस युनिटमध्ये (जोरात ब्रेक लावल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) किंवा पत्र्याच्या पाइपात आहे. टाकी कोरडी पडली होती का, ते आठवा. पडली असेल तर मास्टर सिलिंडरची हवा आधी काढायची, मग चाकांची. एप्रिल २०१९ पासून भारतात नव्या कारना एबीएस सक्तीचं आहे, आणि त्या युनिटमधले काही व्हॉल्व्ह एरवी बंदच असतात. त्यांच्यामागची हवा पायाने निघत नाही, स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लावून व्हॉल्व्ह आणि पंप चालवावे लागतात. अशा वेळी गाडी चालवत नेऊ नका, टो करून गॅरेजला न्या. टाकीतली पातळी खाली जाऊ न देता नुसतं ऑइल बदलायचं असेल, तर बहुतेक गाड्यांत स्कॅनरची गरज पडत नाही.