‘दोनशे वर्षं उभं आहे ना?’ : जुन्या घराच्या तपासणीवरच्या मेसेजला उत्तर

गोव्यात जुनं घर घेऊ पाहणाऱ्यांमध्ये एक सल्ला व्हॉट्सअॅपवरून फिरत असतो. सार असं: इंजिनियरकडून घर तपासून घेणं म्हणजे पैशांची नासाडी. घर दोनशे वर्षं उभं आहे, तेच प्रमाणपत्र. ओल गोव्यात असायचीच, सिमेंटचा गिलावा मारला की मिटलं. रिपोर्टात पन्नास दोष असतात ते भीती घालायला. आणि कागद स्वच्छ असले की आणखी पाहायचं काय? हे लिहिणारा विकणाऱ्याच्या बाजूचा असावा अशी मला शंका आहे, पण पुढे ढकलणारे बहुतेक भाबडेच.

दोनशे वर्षं नेमकं काय उभं आहे? मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेनं मंगळुरात काढला तो १८६५ मध्ये. तेव्हा ‘दोनशे वर्षांच्या’ घरावर मंगळुरी कौलं असतील तर छप्पर मधे एकदा तरी बदललं आहे. भिंतींचे जांभ्याचे चिरे पणजोबांचे, वासे आजोबांचे आणि मागच्या न्हाणीवरचा स्लॅब परवाचा, असा हा कारभार असतो. घर टिकलं, कारण पावसाआधी कुणीतरी वर चढून कौलं परतत होतं. माणसं मुंबईला किंवा लिस्बनला गेली की ते थांबतं. मग फुटक्या कौलातलं पाणी वाशाच्या भिंतीत रुतलेल्या टोकावर मुरतं आणि लाकूड तिथंच कुजतं. खोलीतून दिसतो तो भाग मात्र पॉलिश केलेला. तपासणाऱ्यानं ती टोकं टोच्यानं टोचून पाहायला हवीत. रिपोर्टात त्यांचा उल्लेखच नसेल तर विचारा. तसाच भिंत सरळ उभी आहे का हे पाहायला ओळंबा लावला का, हेही विचारा. माळ्यासाठी कुणी आडवी तुळई कापली असेल तर छप्पर भिंतींचे माथे बाहेर ढकलू लागतं, आणि हे नुसत्या डोळ्यांना फार उशिरा कळतं.

ओलीचा मुद्दा मात्र नुसता चुकीचा नाही, घराचं वाटोळं करणारा आहे. इथं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जांभा सच्छिद्र, जोत्यात ओल अडवणारा थर बहुधा नसतो, त्यामुळे जमिनीतलं पाणी भिंतीत चढणारच. जुन्या गवंड्यांनी चुन्याचा गिलावा केला, त्यातून ते उन्हाळ्यात सुकून जायचं. त्यावर सिमेंट थापलं की पाण्याची वाट बंद होते. मग ओल आणखी वर चढते, सिमेंटच्या मागे लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, फुटतो, चिऱ्याचं पीठ होऊन झडतं. सांधे मातीचे असतील तर ते कायमचे भिजलेले राहून जोर गमावतात. दोन वर्षांनी गिलाव्याचे पापुद्रे सुटले की ‘केमिकल वॉटरप्रूफिंग’वाला येतो, आणि खर्चाचं दुसरं चक्र सुरू होतं.

म्हणून रिपोर्टात ‘भिंतीला ओल’ एवढंच लिहिलं असेल तर ते निम्मंच काम. ती कुठून आली? जमिनीपासून कमरेपर्यंत पट्टा असेल तर बहुधा जमिनीतून. माथ्याकडून उतरत असेल तर कौलं किंवा पन्हळ. मधेच डाग असेल तर पलीकडे नळ आहे का पाहा. उपाय पुष्कळदा घराबाहेर असतो: जोत्याला टेकलेली मातीची भर काढणं, अंगणाचा उतार फिरवणं, पागोळ्यांचं पाणी लांब नेणं. ओल मोजायच्या मीटरच्या आकड्यावरही डोळे झाकून विसंबू नये, कारण भिंतीत क्षार असले की तो आकडा फुगवून दाखवतो. शिवाय डिसेंबरात ताजा रंग लावलेलं घर पाहून ठरवू नका. जुलैत एक फेरी मारा, भिंती स्वतःच बोलतील.

‘पन्नास दोष’ या तक्रारीत थोडं तथ्य आहे. छापील साच्यातले रिपोर्ट मिळतात. जांभ्याच्या भिंतीवर रिबाउंड हॅमर (काँक्रीटची ताकद अजमावायचं ठोकयंत्र) मारून काँक्रीटच्या तक्त्यातली ताकद लिहिणारेही आहेत. तो आकडा सरळ खोडावा. पण चांगल्या रिपोर्टातले पन्नास शेरे एका वजनाचे नसतात. गिलाव्यातली एक मिलिमीटरच्या आतली भेग सोडून द्या. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, पाच मिलिमीटरच्या पुढची, दोन्ही अंगांना दिसणारी भेग असेल तर पाया खचतोय का ते विचारा, आणि तिच्यावर काचेची पट्टी डकवून ती तडकते का यावर काही महिने लक्ष ठेवा. स्लॅबच्या पोटाला गंजाचे डाग असतील तर सळीवरचं काँक्रीट ठोकून पाहायला सांगा. गंजलेली सळी फुगते आणि तेच फोडून काढते. वाळवीच्या मातीच्या नळ्या मोडून ठेवा: पुन्हा बांधल्या तर ती चालू आहे.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं वाक्य कुणी वाचत नाही: ‘या भागाची पाहणी करता आली नाही.’ लाकडी छताच्या वर, बंद खोलीत, फरशीखाली. धोका तिथेच लपलेला असू शकतो. मालकाला दोन फळ्या काढू द्यायला सांगा. नकार आला तर तो भाग खराबच आहे असं धरून किंमत बोला.

कागदांचं थोडक्यात. फॉर्म एक-चौदा (गोव्यातला जमिनीचा उतारा), विकणाऱ्या नवरा-बायको दोघांच्या सह्या, १९७५ च्या कायद्याखालचा मुंडकार (मालकाच्या जागेत घर करून राहणारा, कायद्यानं संरक्षण असलेला माणूस), हे वकिलानं पाहायचं, आणि त्यातलं काहीही वाशाबद्दल बोलत नाही. फक्त एका ठिकाणी वकील आणि इंजिनियर या दोघांचं काम जुळतं. इंजिनियरनं काढलेल्या नकाशात मागची खोली असते आणि सर्व्हे प्लॅनवर नसते. ती कुणी बांधली, पंचायतीची परवानगी होती का, तिथं कोण राहत होतं, हे दोघांना एकत्र बसवून विचारा, आणि टोकन देण्याआधी.