कस्तुरी, टिमकी आणि माझा तीन वाक्यांचा साचा

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, म्हणून लगेच उत्तर दिलं नाही. दुसऱ्यांदा वाचताना निम्मी पटली.

नोकरी देणाऱ्याला किंवा नव्याने भेटणाऱ्याला आपली ओळख कशी करून द्यावी, या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप असे: मी लोकांना आपलीच टिमकी वाजवायला शिकवते आहे, खऱ्या कामाला ओळखीची गरज नसते, कस्तुरीला आपला वास सांगावा लागत नाही, आणि मी दिलेला तीन वाक्यांचा साचा सगळ्यांनी वापरला तर सगळे एकाच छापाचे दिसतील. संकोची माणसांनी आणि नोकरीत खंड पडलेल्यांनी काय करायचं, असंही जाता जाता विचारलंत.

साच्याचं आधी उरकते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. लेख आल्यावर आठवडाभरात पाच-सहा जणांनी आपापली ओळख लिहून पाठवली, बघून द्या म्हणून. सगळ्यांची एकच चाल: 'मी अमुक, मला इतक्या वर्षांचा अनुभव आहे आणि मला तमुक क्षेत्रात योगदान द्यायचं आहे.' तिसरी वाचेपर्यंत पहिलीचं नाव विसरले होते. यात चूक त्यांची नाही. मी वाक्यं दिली, त्यांत काय भरायचं ते सांगितलंच नाही. तो परिच्छेद काढते आहे.

टिमकीवर मात्र भांडणार आहे.

तुमच्या प्रतिक्रियेचं पहिलं वाक्य बघा: 'मी अठ्ठावीस वर्षं हिशेब तपासणीत काढली, त्यातली शेवटची नऊ नव्या लोकांना शिकवण्यात.' एवढं वाचलं आणि पुढचं मी जरा सावरून बसून वाचलं, कारण समोरचा माणूस ओळ न् ओळ तपासणारा आहे हे कळलं होतं. तुम्ही ओळखच करून दिलीत की! पण टिमकी वाजली नाही. त्या वाक्यात एकही विशेषण नाही. 'मी अत्यंत अनुभवी आणि चिकाटीचा लेखापरीक्षक आहे' असं लिहिलं असतंत तर वाजली असती. 'चिकाटीचा' हे समोरच्याने मानायचं की नाही ते त्याला ठरवावं लागतं आणि बहुतेक वेळा तो ठरवायच्या भानगडीत पडतच नाही. अठ्ठावीस वर्षं, हिशेब तपासणी, शिकवणं यात ठरवायचं काही नाही. ते सरळ डोक्यात जाऊन बसतं.

काही वर्षं मी मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूला बसले आहे. एकदा 'स्वतःबद्दल सांगा' म्हटल्यावर एक उमेदवार शाळेपासून सुरू झाला आणि चार-साडेचार मिनिटं बोलला. त्याचा बायोडाटा आमच्यासमोर छापील होता आणि तो त्याच क्रमाने चालला होता. आम्ही ओळींवरून बोट फिरवत ऐकत होतो, पाठांतर म्हणून घेतल्यासारखे. त्याच दिवशी दुपारी आलेला दुसरा म्हणाला, "मी गोदामातल्या मालाची नोंद ठेवतो. कागदावरचा साठा आणि प्रत्यक्षातला साठा जुळत नाही तेव्हा तो का जुळत नाही हे शोधणं, हे माझं मुख्य काम. तुम्ही दुसरं गोदाम सुरू करताय असं जाहिरातीत होतं, म्हणून अर्ज केला." वीस सेकंदही लागले नसतील. संध्याकाळी आम्ही यादी करायला बसलो तर माझा सहकारी कागद उलटेपालटे करत विचारतो, "अरे, तो साठा न जुळणारा कुठे गेला?" नाव कुणालाच आठवत नव्हतं. माणूस सगळ्यांना आठवत होता. पहिला उमेदवार कदाचित जास्त हुशार असेलही, पण आम्हाला ते कळायला वावच नव्हता.

आता कस्तुरी. तिचा वास शेजारी उभ्या असलेल्याला येतो. तुमचं काम अठ्ठावीस वर्षं आजूबाजूच्यांना रोज दिसत होतं, तिथे सांगायची गरज पडली नाही हे मान्य. अनोळखी माणसाला पाठवलेल्या पत्रातून वास जात नाही. रामानुजनांपेक्षा अस्सल कस्तुरी कुठून आणायची? १६ जानेवारी १९१३ला त्यांनी केंब्रिजचे गणितज्ञ जी. एच. हार्डी यांना लिहिलेलं पत्र ओळखीनेच सुरू होतं: मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात कारकून, पगार वर्षाला अवघे २० पौंड, विद्यापीठाचं शिक्षण नाही. पुढे पानंच्या पानं सूत्रं. इथले गणिती माझ्या निष्कर्षांना थक्क करणारे म्हणतात, एवढं एक वाक्य आहे, पण तेही दुसऱ्यांच्या तोंडून. हार्डींना आधी ही बनवाबनवी तर नाही ना अशी शंका आली, मग त्यांनी ते कागद आपले सहकारी गणितज्ञ लिटलवूड यांना दाखवले. त्याआधी रामानुजनांनी केंब्रिजच्याच दोघा गणितज्ञांना लिहूनही काही निष्पन्न झालं नव्हतं. (उत्तर आलं नाही म्हणजे आपण टाकाऊ, असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.)

कागद दुसऱ्याला दाखवले, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली एका निबंधात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांची आकडेवारी दिली होती. ज्याच्याकडून नोकरीची खबर मिळाली तो आठवड्यातून दोनदा तरी भेटणारा होता, असे फक्त १६.७ टक्के निघाले. ५५.६ टक्क्यांना ती अधूनमधून भेटणाऱ्याकडून मिळाली आणि २७.८ टक्क्यांना वर्षातून जेमतेम एकदा भेटणाऱ्याकडून. पाहणी लहान होती आणि जुनी आहे, पण तिचं कारण आजही पटतं: रोजच्या माणसांना आपल्याला ठाऊक असलेलंच ठाऊक असतं. मग हा अधूनमधून भेटणारा माणूस आपल्या पाठीमागे कुणाला तरी आपल्याबद्दल सांगणार ते काय? 'एकजण आहे, फार मेहनती आहे' हे कुणी पुढे सांगत नाही आणि सांगितलं तरी ऐकणारा मान डोलावून सोडून देतो. 'एकजण आहे, साठा का जुळत नाही ते शोधतो' हे सांगता येतं. ओळख स्वतःसाठी लिहायचीच नसते. ती त्या मधल्या माणसाच्या तोंडी सहज बसेल अशी लिहायची.

'काही संधी असल्यास कळवावे' ही ओळही याच कारणाने निरुपयोगी. संधी शोधायचं काम आपण समोरच्याच्या गळ्यात टाकतो. त्याऐवजी 'तुमच्याकडे या कामाला कोणतं सॉफ्टवेअर वापरतात?' असं दोन ओळींत उत्तर देता येईल ते विचारावं. उत्तर येण्याची शक्यता वाढते आणि आलं तर बोलणं सुरू झालेलं असतं.

संकोची माणसांबद्दल तुम्हाला वाटते तेवढी काळजी मला नाही. विशेषणं वापरायला त्यांनाच जास्त लाज वाटते, त्यामुळे त्यांची ओळख बहुधा बरी उतरते. अडचण पहिलं वाक्य तोंडातून निघण्याची असते, आणि ते आधी लिहून, दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं की बरंचसं निभावतं.

खंडाचा प्रश्न खरा अवघड आहे, आणि तो मी लेखात टाळला होता. माझ्या स्वतःच्या नोकरीत अडीच वर्षांचा खंड आहे. घरातल्या आजारपणामुळे. परत सुरुवात केली तेव्हा पहिल्या तीन पत्रांत मी आधी खुलासा आणि मग काम असं लिहिलं. वाचणाऱ्याला माझ्याबद्दल पहिली गोष्ट कळायची ती म्हणजे मी ओशाळलेली आहे. चौथ्या पत्रात क्रम उलटा केला: काय करते, काय केलंय, आणि शेवटून दुसरी ओळ, 'मधली अडीच वर्षं घरातल्या आजारपणामुळे काम थांबवलं होतं, आता ती जबाबदारी संपली आहे.' त्यावर बोलावणं आलं. क्रमामुळेच आलं असं छातीठोक सांगता येणार नाही, पण ते पत्र लिहिताना मान खाली गेली नव्हती, एवढं आठवतं.

लेखातला तो परिच्छेद या आठवड्यात बदलेन. तुम्ही नऊ वर्षं नव्या लोकांना शिकवलंत. पहिल्या दिवशी त्यांच्यासमोर उभं राहून स्वतःबद्दल काय सांगायचात, ते जमलं तर कळवा. तुमची हरकत नसेल तर साच्याच्या जागी तेच घालते.