आधी मुदत आणि अधिकार, मग नाव : एका प्रतिक्रियेला उत्तर

स. न. वि. वि.

आपण ‘लष्करातील एक जुना खेळाडू’ एवढीच सही केली आहे, म्हणून नावाशिवायच उत्तर लिहितो आहे. हरेंद्रसिंग यांनी १ डिसेंबर २०२५ रोजी वैयक्तिक कारण देऊन भारतीय महिला हॉकी संघाचे मुख्य प्रशिक्षकपद सोडले. त्यानंतर मी असे लिहिले होते की, पुढचे नाव सुचवण्याआधी त्या पदाची मुदत २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकपर्यंत निश्चित व्हावी आणि खेळाडूंच्या निवडीत प्रशिक्षकाचा शब्द किती चालेल, हे लेखी ठरावे. त्यावर आपण बरेच सुनावले आहे. हरणाऱ्याला घरी पाठवणे हाच खेळाचा न्याय असून मी पराभवाला सबबी पुरवतो. आधीच्या डच प्रशिक्षक यानेके शॉपमन यांना अडीच वर्षे देऊन काय हाती लागले. ऑलिंपिकवीर रूपसिंगांच्या ग्वाल्हेरात बसून परदेशी प्रशिक्षकांची वकिली शोभत नाही. परदेशी प्रशिक्षकाचे इंग्रजी आपल्या मुलींना नीट कळत नाही. आणि माजी कर्णधार राणी रामपाल किंवा पुरुष संघाचे सहायक प्रशिक्षक, आपल्याच गावचे शिवेंद्रसिंग असताना बाहेर पाहायचेच कशाला, हे आपले मुद्दे आहेत. त्यांतले दोन मला वजनदार वाटतात, आणि वेळही मी त्यांनाच अधिक देणार आहे.

पराभवाची गोष्ट लपवण्यासारखी नाही. २०२४-२५च्या प्रो लीगमध्ये, म्हणजे निवडक देशांच्या वार्षिक आंतरराष्ट्रीय स्पर्धेत, आपला संघ नऊ संघांत शेवटचा आला आणि खालच्या नेशन्स कपमध्ये ढकलला गेला. युरोपातील आठ सामन्यांपैकी एकही जिंकता आला नाही. सप्टेंबर २०२५मध्ये हांगझोऊच्या आशिया चषकात अंतिम फेरीत चीनने ४-१ने हरवले आणि विश्वचषकाचे थेट तिकीट गेले. मात्र त्याच प्रो लीगमध्ये, फेब्रुवारीत भुवनेश्वरला, याच मुलींनी ऑलिंपिक विजेत्या नेदरलँड्सला २-२ असे रोखून शूटआउटमध्ये हरवले होते, आणि त्याआधी नोव्हेंबर २०२४मध्ये राजगीरला चीनवरच मात करून आशियाई चॅम्पियन्स करंडक जिंकला होता. एवढ्या थोड्या काळात जो संघ इतका वर जातो आणि इतका खाली येतो, त्याच्या अपयशाचे खापर एका माणसावर फोडून मोकळे होणे मला पटत नाही. हरेंद्रसिंगांचे काहीच चुकले नाही, असे मी कुठेही म्हटलेले नाही.

‘हरला की हटवा’ हा आपला नियम टोकियोला लावून पाहावा, अशी विनंती आहे. २०२१मध्ये डच प्रशिक्षक शोर्ड मरीन यांचा भारतीय महिला संघ पहिल्या सामन्यात नेदरलँड्सकडून ५-१, दुसऱ्यात जर्मनीकडून २-० आणि तिसऱ्यात ब्रिटनकडून ४-१ असा हरला. सलग तीन पराभवांनंतर आपल्याकडील बहुतेक घरांत टीव्ही बंद झाले होते. पुढे आयर्लंडविरुद्ध एक गोल, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध वंदना कटारियाचे तीन, आणि मग उपान्त्यपूर्व फेरीत गुरजित कौरच्या पेनल्टी कॉर्नरवर (बचावाच्या चुकीबद्दल गोलजवळ मिळणाऱ्या संधीवर) ऑस्ट्रेलिया गारद. चौथे स्थान मिळाले. ब्राँझपदक ब्रिटनविरुद्ध ४-३ असे निसटले. १९८०नंतर पुन्हा ऑलिंपिक गाठायला ज्या महिला संघाला २०१६ उजाडले आणि जो रिओत बारावा आला, त्याच्या बाबतीत हे पाच वर्षांत घडले. तीन पराभवांनी डगमगू नये एवढी तयारी त्यामागे होती, विशेषतः वेन लॉम्बार्ड यांनी मुलींच्या तंदुरुस्तीवर घेतलेली मेहनत, आणि अशी तयारी शिबिरामागून शिबिर एकाच पद्धतीने चालल्याशिवाय होत नाही.

त्या पाच वर्षांतही आपल्या महासंघाने, हॉकी इंडियाने, काय केले, ते आठवा. सप्टेंबर २०१७मध्ये मरीन यांना महिला संघाकडून उचलून पुरुष संघाकडे नेले आणि हरेंद्रसिंगांना महिला संघ दिला. हरेंद्रसिंगांनी दोन महिन्यांत जपानमध्ये आशिया चषक जिंकून दिला. मे २०१८मध्ये पुन्हा अदलाबदल झाली! जिंकणाऱ्यालाही हलवले आणि न जिंकणाऱ्यालाही. पुरुष संघाकडे तर टेरी वॉल्श, पॉल व्हॅन अ‍ॅस, रोलँट ओल्टमन्स, मरीन आणि हरेंद्रसिंग अशा पाच जणांनी २०१४च्या अखेरीपासून २०१९च्या प्रारंभापर्यंत पद सोडले किंवा त्यांच्याकडून ते काढून घेतले गेले. वॉल्श यांनी तर इंचॉनच्या आशियाई सुवर्णपदकाने रिओचे तिकीट मिळवून दिल्यावर काही आठवड्यांतच कारभाराच्या पद्धतीला कंटाळून राजीनामा दिला होता. त्यानंतर आलेल्या ग्रॅहम रीड यांना टोकियोपर्यंत कोणी हलवले नाही, आणि ४१ वर्षांनी पदक आले. त्यांच्यामागून आलेल्या क्रेग फुल्टन यांच्या काळात पॅरिसला दुसरे ब्राँझ मिळाले. भाड्याच्या घरात कोणी विहीर खणत नाही. वर्षभरात निरोप मिळेल अशी धास्ती असलेला प्रशिक्षक एकोणीस वर्षांच्या मुलीवर वेळ कशाला घालवील? तो तीस वर्षांची, आज हमखास खेळणारी खेळाडू उतरवील आणि पुढची स्पर्धा निभावून नेईल.

आता शॉपमन यांचा मुद्दा, जो आपण अगदी वर्मावर मांडला आहे. मुदत दिली म्हणजे यश आलेच, असा दावा मी करू शकत नाही. ऑगस्ट २०२१पासून त्यांच्याकडे संघ होता. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १६ वर्षांनी पदक आले, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ब्राँझ आले, आणि तरीही जानेवारी २०२४मध्ये रांचीला जपानविरुद्ध एका गोलाने हरून पॅरिस हुकले. त्या सामन्यात आपल्याला पेनल्टी कॉर्नर मिळाले, पुन्हा मिळाले, आणि एकही गोलात गेला नाही. घोडे नेमके येथेच पेंड खाते, आणि येथे प्रशिक्षकाचे नाव बदलून काही साधत नाही.

कंपूच्या मैदानावर महिला अकादमीचा सराव आपणही पाहिला असेल. एका सकाळी मी कुंपणाबाहेर उभा असताना तिथे केवळ पेनल्टी कॉर्नर चालला होता, आणि बराच वेळ गोलवर फटका मारायला मनाईच होती. एक मुलगी गोलरेषेवरून चेंडू ढकलत होती, दुसरी डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, माथ्याबाहेर गुडघ्यावर वाकून, काठी टर्फला जवळजवळ टेकवून तो अडवत होती. चेंडू अडताना बोटभर उसळला, तरी ड्रॅग फ्लिक, म्हणजे चेंडू काठीने ओढत गोलकडे भिरकावण्याचा फटका, मारणाऱ्या तिसरीचा पुढचा पाय चुकत असे आणि सगळे थांबवून पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असे. सामन्यात याच वेळात गोलरक्षकासह पाच जणी गोलरेषेमागून निघतात आणि मुखवटा घातलेली पहिली बचावपटू थेट फ्लिकरच्या अंगावर धावून येते. चेंडू सुटल्यापासून फ्लिकपर्यंतचा सगळा खेळ डोळ्याचे पाते लवेतो संपतो. ढकलणारी, अडवणारी आणि मारणारी अशा तिघींची सांगड बसायला महिने लागतात. नवा प्रशिक्षक आला की बहुधा यांतली एक बदलते, आणि महिने पुन्हा मोजायला लागतात. म्हणून मी मुदतीबरोबर निवडीचा अधिकारही मागतो. ही तिकडी कोणाची असावी हे प्रशिक्षकाने ठरवायचे आणि निवड समितीने त्यातली एक घरी ठेवायची, असे झाले तर चार वर्षांचा करारही कागदापुरताच राहील.

रूपसिंगांचे नाव आपण काढलेत. १९३२च्या लॉस एंजेलिसला अमेरिकेविरुद्धच्या २४-१ अशा विजयात दहा गोल करणारा तो माणूस आपल्या गावात राहिला, इथेच गेला, आणि त्यांच्या नावाच्या स्टेडियमची ओळख आज देशभर क्रिकेटमुळे, सचिनच्या २०१०च्या द्विशतकामुळे आहे, याचे दुःख मलाही आहे. परंतु त्यांचा खेळ गवतावरचा होता. १९७६च्या माँट्रियलपासून ऑलिंपिक कृत्रिम मैदानावर आले आणि त्याच वर्षी आपण सातवे आलो. आजच्या सामन्यात पंधरा-पंधरा मिनिटांची चार सत्रे, हवे तेव्हा खेळाडू बदलण्याची मुभा, चेंडू गमावताच कोणी कुठे दाबायचे याची आखणी, हे सारे बाकावरून चालते. हे काम भारतीय माणसाला जमत नाही, असे मी कधीही म्हणणार नाही. १९९८मध्ये बँकॉकचे आशियाई सुवर्णपदक एम. के. कौशिक यांनी आणले, २०१६चा ज्युनियर विश्वचषक हरेंद्रसिंगांनी जिंकून दिला. उलट, मायकल नॉब्ज ऑस्ट्रेलियाचे असूनही लंडनला आपण सगळे सामने हरून बारावे आलो. पासपोर्ट पाहून ठरवावे असे या इतिहासात मला काहीच सापडत नाही.

भाषेबद्दल मात्र आपण जे लिहिले आहे, ते मी संपूर्ण मान्य करतो. कर्णधार सलीमा टेटे सिमडेग्याच्या खेड्यातून आलेली, लालरेमसियामी मिझोरमची, बाकी बऱ्याच जणी हरियाणाच्या. दोन मिनिटांच्या विश्रांतीत परकीय उच्चारातले इंग्रजी कानावर पडले तर त्यातले निम्मे वाऱ्यावर जाणार. म्हणूनच मुख्य प्रशिक्षक कोणीही असो, त्याच्या शेजारी भारतीय सहायक हवा, आणि तो केवळ दुभाषा म्हणून ठेवलेला नसावा. शिवेंद्रसिंगांकडे पाहा. पुरुष संघाचे मुख्य प्रशिक्षक रीड गेले, फुल्टन आले, आपला हा ग्वाल्हेरचा मुलगा सहायक म्हणून तिथेच राहिला, आणि दोन्ही ब्राँझपदकांच्या तयारीत त्याचा हात होता. इतकी वर्षे आक्रमक फळी घडवणाऱ्या माणसाला एक दिवस मुख्य पद मिळावे, हे माझेही मत आहे. आज त्यांना तिथून काढून महिला संघाकडे आणणे म्हणजे मात्र २०१७चीच अदलाबदल पुन्हा करणे होईल.

राणीबद्दल आपल्याला वाटणारी माया मी समजू शकतो, कारण टोकियोत तीच कर्णधार होती आणि या मुलींना तिच्यापेक्षा जवळचे कोण असणार? ऑक्टोबर २०२४मध्ये ती निवृत्त झाली. सब-ज्युनियर मुलींना तिने शिकवले आहे, हॉकी इंडिया लीगमध्ये सूरमा क्लबची जबाबदारी सांभाळली आहे. सुरुवात उत्तम आहे, आणि ती करपू नये म्हणूनच मी सावध आहे. वासुदेवन भास्करन हे मॉस्कोच्या सुवर्णपदक विजेत्या संघाचे कर्णधार. २००६मध्ये त्यांच्या हाती संघ असताना आपण विश्वचषकात बारा संघांत अकरावे आलो आणि दोहाच्या आशियाई स्पर्धेत पहिल्यांदाच उपान्त्य फेरीबाहेर राहिलो. मोठा खेळाडू असणे आणि संघ चालवता येणे यांतले अंतर त्यांच्यासारख्यालाही तुडवावे लागले. राणीला आता सहायक म्हणून, पुढच्या फळीची स्वतंत्र जबाबदारी देऊन, २०२८पर्यंतच्या करारावर आणावे. त्यानंतर मुख्य पदासाठी तिचे नाव पुढे आले, तर या पानावर पहिला पाठिंबा माझा असेल.

‘एवढा वेळ आहे कुठे?’ असे आपण शेवटी विचारले आहे. खरोखरच नाही. विश्वचषकासाठी आता पात्रता फेरी खेळावी लागेल, मुख्य स्पर्धा ऑगस्ट २०२६मध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियमला आहे, आणि सप्टेंबरात आयची-नागोयाची आशियाई स्पर्धा, जिच्या सुवर्णपदकाबरोबर लॉस एंजेलिसचे थेट तिकीट आहे. नव्या प्रशिक्षकाला पहिल्या दहा महिन्यांतच हे सगळे झेलायचे आहे, आणि यांतले काहीतरी बिनसण्याची शक्यता मोठी आहे. त्या पराभवानंतर पुन्हा राजीनामा घेतला गेला, तर २०२७ नव्या माणसाची ओळख होण्यातच जाईल. म्हणून महासंघाने करार करतानाच दरवर्षी काय तपासणार हे लिहून द्यावे : पेनल्टी कॉर्नरवर शेकडा किती गोल झाले, शेवटच्या सत्रात किती खाल्ले, ज्युनियर संघातून किती मुली वर आल्या. हे आकडे दोन वर्षे घसरत राहिले, तर त्या प्रशिक्षकाला जरूर घरी पाठवा; तेव्हा मी आपल्या बाजूने लिहीन.

आपण स्वतः कोणत्या जागी खेळत होता, हे प्रतिक्रियेत नाही. पेनल्टी कॉर्नरला धावून जाण्याचा अनुभव असेल, तर बचावाच्या त्या बाजूवर आपण सविस्तर लिहावे. मी ते याच पानावर आनंदाने छापीन.

आपला नम्र