माचू पिचूला जाताय? कापूर देवघरातच राहू द्या

'पेरूला जाणाऱ्यांनी जरूर वाचा' असा एक फॉरवर्ड फिरतोय. म्हणे, माचू पिचू हे इंका लोकांचं डोंगरावरचं जुनं शहर फार उंच, म्हणून आधी जवळच्या कुस्को शहरात राहून दम भरून घ्या. कापूर हुंगा, चिमूटभर जिभेवर ठेवा, ऑक्सिजन वाढतो. उंचीचा त्रास टाळायची गोळी डायमॉक्स नको, किडनी जाते. शिवाय माचू पिचू दहा हजार वर्षांचं, दगड वितळवून बांधलेलं आणि १९११ पर्यंत कुणालाच ठाऊक नसलेलं! एरवी मी असलं काही वाचतही नाही. पण हे वाचून ठाण्याच्या आत्याने डॉक्टरांनी लिहून दिलेलं डायमॉक्स बॅगेतून काढलं आणि त्या जागी कापराची डबी ठेवली.

आधी उंची बघा. माचू पिचू आहे सुमारे २,४३० मीटरवर आणि कुस्को ३,४०० वर, म्हणजे जवळपास लेहइतकं. दम भरायला पाठवताय ते गावच माचू पिचूहून हजार मीटर उंच! पेरूची राजधानी लिमा समुद्रकाठी, तिथून विमान दीड तासाच्या आत कुस्कोत नेऊन टाकतं आणि डोकं ठणकणं, मळमळ, झोप न लागणं सुरू होतं ते तिथेच. त्यापेक्षा विमानतळावरून तडक खाली ओल्लांतायताम्बो गावाला जावं, ते २,८०० मीटरच्या आसपास आहे. तिथे दोन रात्री काढून रेल्वेने माचू पिचू करावं आणि कुस्को शेवटी ठेवावं.

आता कापूर. कुस्कोच्या हवेतही ऑक्सिजन २१ टक्केच असतो. हवेचा दाबच समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांश असल्याने दर श्वासाला तो कमी मिळतो. कापराने नाकाला गार लागतं, मोकळं वाटतं, पण रक्तातला ऑक्सिजन तसूभरही वाढत नाही. आणि नेमकं ते 'बरं वाटणं'च घातक, कारण माणूस त्रास अंगावर काढत वर चढत राहतो. फुफ्फुसात पाणी झालं किंवा मेंदूला सूज आली, तर ताबडतोब खाली उतरवावं लागतं, तिथे डबी हुंगून भागत नाही. जिभेवर ठेवायचा सल्ला तर कहर आहे. कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात.

डायमॉक्सबद्दल अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. किडनीचा विकार किंवा सल्फाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. पण डोंगर-रानातल्या आजारांवर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या वाइल्डरनेस मेडिकल सोसायटी या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं धोका जास्त असलेल्यांना प्रतिबंधासाठी हेच औषध सुचवतात. ३,००० मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरहून जास्त वाढवू नका, असंही त्यांत आहे. लिमाहून एका उडीत ३,४०० मीटर म्हणजे काय, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

बाकीचं थोडक्यात. दगड वितळवल्याचं म्हणाल तर काही भिंतींच्या सांध्यांत खरंच सुरीचं पातंही शिरत नाही, पण माचू पिचूतल्या कितीतरी घरांच्या भिंती ओबडधोबड दगड आणि मातीच्या आहेत. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाचे वास्तुविशारद जाँ-पिएर प्रोत्झेन यांनी नदीतल्या गोट्यांनी ठोकून दगड घडवून दाखवलाय. ओल्लांतायताम्बोच्या खाणीपासूनच्या वाटेवर अर्ध्यात टाकलेले दगड आजही पडून आहेत, ते कुणी वितळवले नाहीत. वय म्हणाल तर माचू पिचूत सापडलेल्या हाडांच्या कार्बन चाचणीनुसार वस्ती साधारण १४२० ते १५३० मधली. आणि १९११ मध्ये माचू पिचू जगापुढे आणणाऱ्या अमेरिकी संशोधक हायरम बिंगहॅमला वाट दाखवली ती मेल्चोर आर्तेआगा या स्थानिक शेतकऱ्याने. वर पोचले तेव्हा तिथे कुटुंबं राहत होती, शेती करत होती.